लाईन गेली तेव्हा

वेबकॅम सीताबर्डीच्या फुटपाथवरचा, दीडशे रुपयांचा.
त्याचं भिंग मी पिळून काढलं,
आतली लालसर काच चिमट्यानं उचकटली,
आणि बंद पडलेल्या फोटो स्टुडिओतून मागून आणलेली
रिळाची काळी डबी त्याच्या तोंडाला चिकटवली.
डबी दुर्बिणीच्या नळीत अशी बसली
जसं दोघींचं माप एकाच शिंप्यानं घेतलं होतं.

मे महिना. नंदनवनची गच्ची
मध्यरात्र उलटली तरी पायाला चटके देते.
चिप तापते, आणि तापली की बडबडते:
लाल, निळे, हिरवे ठिपके,
जे आकाशात नाहीतच.
म्हणून कुल्फीवाल्याकडचा बर्फ, पिशवीत घालून
वेबकॅमच्या पाठीला बांधलेला.
त्याचं पाणी माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत.

शेजारच्या गच्चीवर पिंपळशेंडे काका
कूलरची टाकी बघायला आले.
"काय दिसते पोरी?"
"काहीच नाही. गावभर पिवळा उजेड सांडलाय."
काका हसले नाहीत.
तीस वर्षं कोराडीला, बॉयलरवर.
"म्हणजे आमीच सांडला म्हण ना."

एक वाजून दहा मिनिटांनी लाईन गेली.
सगळे कूलर एकदम गप्प.
काकांनी कान टवकारले, "कोणतं युनिट ट्रिप झालं बे?"
निवृत्तीला नऊ वर्षं झाली, तरी.
गल्लीनं शिव्या घातल्या, पोट्टे उशा घेऊन वर आले,
आणि मी, माफ करा, मनातल्या मनात नाचले.
अभिजितच्या खाली दोन तारे, त्यांच्या मधोमध नळी.
लॅपटॉपची बॅटरी: सतरा मिनिटं.

दहा सेकंद. दहा सेकंद. दहा सेकंद.
प्रत्येक चित्र खरखरीत, घाणेरडं,
त्यात एक शंका.
ठिपके जागा बदलत होते, शंका बदलत नव्हती.
चित्रावर चित्र रचत गेले.
एकेचाळिसाव्याला कडं उमटलं.
काका कठडा ओलांडून, लुंगी सावरत, केव्हा आले कळलं नाही.
"हे तर गॅस्केट आहे. जळालेलं."
तारा आहे, म्हटलं. विझत चाललाय.
अंगावरचं सगळं बाहेर फेकलं त्यानं, ते हे कडं.
"कधी ट्रिप झाला?"
"हजारो वर्षं झाली."
"अन् लोड कोणी उचलला मंग?"
याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

आली! आली! गल्ली ओरडली.
कूलर घरघरले. पडदा दुधासारखा पांढरा.

एक काम राहिलं होतं.
नळीला झाकण लावून तेवढाच वेळ
अंधाराचाही फोटो घ्यायचा असतो,
मग तो चित्रातून वजा करायचा.
काही खोटं चिपचं स्वतःचं असतं,
हट्टी, जागचं न हलणारं,
ते तेवढ्यानंच जातं.
"हलवू नका हं," मी म्हटलं.
"वॉल्व्ह धरलेत मी जन्मभर. झाकण काय."
बर्फ संपलेला, पिशवीत कोमट पाणी.
काका ओठांतल्या ओठांत सेकंद मोजत उभे,
खाली अख्खं नंदनवन उजळलेलं,
त्यांच्या तळव्याखाली
वाटीभर काळोख.