हवेतली मासळी

मिरकरवाड्यात, बर्फाच्या कारखान्यामागच्या गोदामात
काट्याशेजारी मी कार्ड ठेवलं.
करडं, कोपऱ्यात विमानाची शेपटी.
साधंही नाही, सोनेरीही नाही. मधलं.
पाहुण्याच्या ताटात वाढता येते
पण दारात उभं राहून जिची किंमत सांगत नाहीत
तसली मासळी.

वर्षाची फी तीन हजार, वर जीएसटी पाचशे चाळीस.
शंभर रुपयांमागे दोन पॉइंट, हे मोठ्या अक्षरांत.
बारीक अक्षरं मी अब्बांचा चष्मा लावून वाचली:
इंधनावर पॉइंट नाहीत.

इंधनावर नाहीत!
'नूर-ए-साहिल'च्या खर्चात रुपयातले दहा आणे डिझेल,
ते सोसायटीच्या पंपावर, उधारीच्या वहीत.
बर्फ रोख. लिलाव रोख.
कार्डाला घासायला उरलं
जाळं, इंजिनाचे पार्ट, ऑइल, गॅस, रेशन.

तरी हंगामभर घासलं.
चार लाख वीस हजारांचे आठ हजार चारशे पॉइंट,
शिवाय स्वागताचे तीन हजार,
नव्या जावयाला पहिल्याच दिवशी मटण, तसे.
पॉइंटाची किंमत बँक सांगते एक रुपया.
मी तिकिटं लावून पाहिली, पन्नास पैसे निघाली.
तिमाहीत दोनदा विमानतळावर फुकट लाउंज,
पण मोपाला पोचायला इथून पाच तास,
सँडविच खाऊन परत यायला आणखी पाच.

पाच हजार सातशे, वजा फी.
दोन हजार एकशे साठ रुपये नफा.
मी रेघ मारली, बी.कॉम. झालेल्या मुलीची सरळ रेघ.

सोमा तांडेल विडी विझवून म्हणाला,
"रेशन तर आमच्या पण वाट्यातनं कापतेस ना, तहसीन?
मग त्याचं विमान एकट्या बोटीचं कसं?"

मी रेघेकडे पाहिलं.
जाळं नि इंजिन बोटीचं, कबूल.
पण ऑइल, गॅस, रेशन सामाईक,
आणि ते निघालं बरोबर अर्धं.
म्हणजे एक हजार ऐंशी.
त्यातलं निम्मं बोटीला, निम्मं माणसांना,
तांडेलाचे दोन वाटे, सात खलाशांचे सात,
पाचशे चाळीसला नऊनं भागलं.
प्रत्येकी साठ रुपये.

कोणी हसलं नाही.
साठ रुपयांना कोणी हसत नाही बंदरावर.

मग मीच म्हटलं, पैसे नको, तिकीट काढू.
अकरा हजार चारशे पॉइंटांत मोपा ते दिल्ली एक माणूस जातो.
तिलक चौधरीचं गाव सगळ्यात लांब, कैलाली,
दिल्लीहून पुढे रात्रभर बस.
बंदी लागली की तो रेल्वेनं जातो, दारापाशी बसून.
मी त्याला मोबाइलवर खिडकीची सीट दाखवली.

त्यानं विचारलं, "सामान?"
पंधरा किलो.
"सुकट चालते?"
मी नियम वाचले. वास, गळती, पॅकिंग.
तिलकची गोणी तिथेच होती, सुकट, सोडे,
एक प्रेशर कुकर, आईसाठी जाड चादर.
सोमानं ती काट्यावर चढवली.
एकतीस किलो चारशे ग्रॅम.
"मी रेल्वेनंच जातो, दीदी," तो म्हणाला,
आणि गोणी उतरवली.

मी रागानं बँकेला फोन लावला, कार्ड बंद करा म्हणून.
अकरा मिनिटं बासरी वाजली.
मग एक मुलगी फार गोड आवाजात म्हणाली,
"मॅडम, आपला खर्च चार लाखांच्या वर आहे,
यंदा फी माफ."

माफ. म्हणजे सगळं पुन्हा.
पाच हजार सातशेचं अर्धं, त्याचं निम्मं, भागिले नऊ:
एकशे अठ्ठावन्न रुपये तेहतीस पैसे.
तेहतीस पैशांवर सोमा आणि मी बराच वेळ भांडलो.

शेवटी वहीत नवा रकाना आखला.
मथळा काय लिहू, विचारलं, तर तो म्हणाला,
लिही, हवेतली मासळी.
लिहिलं.
पॉइंट अजून तसेच पडलेत.
मुदत मार्चपर्यंत आहे.