दहा गुंठे

वेंगुर्ल्याच्या कॉलेजात, जिन्याखालच्या खोलीत
माझी भट्टी तीन दिवस एकशेवीस अंशांवर.
काचेची नळी फोडली तेव्हा तळाशी
हळदीहून गडद, काजूच्या बोंडाहून फिकट
अशी एक पूड. चिमूटभर.
कशातच विरघळत नाही, हा तिचा पहिला गुण.

बाबा चिरेखाणीवर होते बत्तीस वर्षं.
त्यांना सांगितलं, हिच्यात भोकं आहेत,
सारखी, षटकोनी, मोजून घडवलेली,
आणि एका ग्रॅमच्या पोटात एवढी भिंत
की उलगडली तर दहा गुंठे झाकतील.
ते हसले.
"धा गुंठे? आनी सातबारो कोणाच्या नावार?"

मग ओसरीच्या चिऱ्यावर पेलाभर पाणी ओतलं
आणि बघत बसले. पाणी आत गेलं.
"भोकां आसत म्हणान हलको.
हलको म्हणान मजल्यार चढता."
माझ्या प्रबंधात हे वाक्य नाही.

पूड काजळीत घोटली, धातूच्या वर्खावर सारवली,
सारवली हाच शब्द, आईचा हात असाच फिरायचा,
शर्टाच्या बटणाएवढ्या डबीत बंद केली.
सोडियम आत जातो, बाहेर येतो.
शिरोड्याच्या मिठागरात
आत्याच्या टाचा फाडणारा तोच हा,
इथे केवढ्या हलक्या पावलांनी
खोलीखोलीत ऑक्सिजनच्या उंबऱ्याला टेकतो
आणि बोलावलं की उठून निघतो.

एक भरती, एक ओहोटी: एक फेरी.
पहिल्या डब्या शंभरीच्या आत गेल्या.
भोकं होती, पण थर सरकलेले,
दारासमोर दुसऱ्याचीच भिंत.
पुन्हा शिजवली. सावकाश.

चारशे अकराव्या फेरीला लाइट गेली.
इन्व्हर्टरची जुनी शिशाची बॅटरी
दोनदा कण्हली आणि बसली.
बॅटरीच्या प्रयोगशाळेत मी मेणबत्ती शोधत होते.
मिळाली नाही. मग एक डबी काढली,
चिमट्यात धरून मसुराएवढ्या लाल दिव्याला जोडली.

लागला.
वही दिसेल इतका नाही. फक्त माझा अंगठा
आणि नखात अडकलेला पिवळा.
बस्त्यांव शिपाई दारात थबकला:
"काजुलो कोंडलंस काय गो?"
बंदराकडून रापण ओढणाऱ्यांचा आवाज येत होता,
जाळ्यातून समुद्र गाळून घेत असलेल्यांचा.

सात मिनिटं.
मग अंधारात, अंदाजाने, बहुतेक ओळीवर ओळ,
वहीत लिहिलं:
४११. अपूर्ण.