मीटर नसलेला दिवा

वाळपईच्या बसस्टँडवरून सहाला निघालो तेव्हा
नार्सिव म्हणाला, "परत इथंच ये,
शोधत फिरायला लावू नकोस."

अकरा डोंगर, चोवीस तास.
कुणी सांगितलेलं? कुणीच नाही.
जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या मार्चवर
नार्सिवने पेन्सिलीनं काढलेली वेडीवाकडी माळ.
माथ्यावरच्या दगडाला हात लावायचा
आणि खाली यायचं. पदक वगैरे नाही.
गेल्या वर्षी आठव्या दगडाशी ओकलो
आणि व्हॅनच्या मागच्या सीटवर आडवा पडून
छताचं फाटलेलं रेक्झिन बघत घरी आलो.

मी वीजखात्यात लाईनमन.
सव्वीस वर्षं खांबावर चढतोय, पण खांब संपतो.
डोंगराचा माथा, पोचलो म्हणेपर्यंत
आणखी मागं सरकलेला असतो,
साहेबाच्या सहीसारखा.

पहिल्या चार डोंगरांना पुतण्या सोबत, रोहिदास.
तो बोलत राहिला, फुटबॉलबद्दल,
आणि नाव न घेता एका मुलीबद्दल.
मी नुसता हूं म्हणायचो,
चढावर तेवढाच श्वास परवडतो.
वाघेरीच्या उतारावर गवे आडवे आले.
वाट त्यांची. आम्ही वीस मिनिटं झाडाआड उभे,
माझं घड्याळ पळत होतं,
ते चरत होते.

दुपारी अंजुणे धरणापाशी व्हिएगसची व्हॅन,
डिकीत अर्धं स्वयंपाकघर.
उकड्या तांदळाची पेज, लोणचं, मीठ घातलेलं सोलांचं पाणी,
आणि शेवंती, माझी थोरली बहीण,
जिला वाळपई ते साखळीसुद्धा गाडी लागते,
ती सकाळपासून घाटाच्या वळणांवर
हातात लिंबू धरून.
तिनं माझे मोजे ओढून काढले,
मी शाळेतून यायचो तेव्हा काढायची तसेच, तोंड फिरवून.
"नख गेलं," म्हणाली, "दुसरं येईल. पेज जेव."

नवव्या डोंगरावर रात्रीचे दोन.
सडा थंड, जांभ्याची धार बुटातून कळायची.
सोबत आता व्हिएगस, जो धावत नाही,
पोट पुढं करून नुसता चालतो
आणि तरी माझ्या पुढंच असतो.
मी बसलो. म्हटलं, पुरे.
त्यानं धीर दिला नाही.
आपली बॅटरी बंद केली, मग माझ्या कपाळावरची.

अंधार स्थिरावला, तसे खाली दिवे दिसू लागले
आणि मी सवयीनं वाचत गेलो:
ती रांग केरीची,
तो लुकलुकता मोर्ल्याचा, त्याचा फ्यूज मीच घातलाय,
तो पिवळा देवळापाठचा.
मग एक दिवा, कुळागराच्या कडेला,
जिथं खांब नाही, तार नाही.
तिथं कनेक्शन नाही हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?
तो हलला. आडवा, उभा, पुन्हा आडवा.

कुंदा म्हणाली होती, ह्या खुळात मी नाही.
आठ दिवस ताट वाढण्यापुरतं बोलत होती.
"तिन्हीसांजेपासून उभी आहे," व्हिएगस म्हणाला.
"सांगू नको म्हणालेली."

मी बॅटरी लावली, विझवली, लावली.
लाईन चालू करण्याआधी
खालच्या माणसाला इशारा देतो, तसा.
मग उठलो. गुडघे माझे नव्हतेच तेव्हा,
कुणाचे होते माहीत नाही.

शेवटचे दोन डोंगर आठवत नाहीत.
एकदा शेवंतीनं केळं तोंडात कोंबलं,
एकदा रोहिदास मागून पाठीवर थोपटत होता,
म्हशीला हाकावं तसं.

सहाला नऊ मिनिटं कमी.
बसस्टँडवर सगळी गोळा, कुणी बोलत नव्हतं.
मी बाकाला हात लावला आणि फरशीवर आडवा झालो.
सायकलवरून पोदेर आला, भोंपू वाजवत,
पहाटेची गर्दी बघून थांबला,
हळूच विचारलं, "कोण गेलो?"
नार्सिव म्हणाला, "गेलो न्हय रे. आयलो."
पोदेरानं ऊन ऊन उंडे मोजून दिले,
पैसे उद्या म्हणाला.

कुंदा सगळ्यांच्या मागं उभी.
उजाडलं होतं, तरी तिच्या हातात बॅटरी चालूच.
म्हटलं, "सेल जळतायत."
ती म्हणाली, "जळूं दे."