उघडच होतं

लंडनच्या कोर्टात त्यांचा वकील म्हणाला,
हे तर उघडच होतं.
एका लेखात आहे, एन्झाइमनं बार्नेकलचा डिंक सुटतो,
दुसऱ्यात, रंगातून औषध कसं हळूहळू पाझरतं.
दोन्ही शेजारी ठेवा. झालं.

कायद्यात एक माणूस असतो, जाणकार.
सगळं वाचलेला, कल्पनाशक्ती अजिबात नसलेला.
त्यालासुद्धा सुचलं असतं म्हणे.

फालमथच्या धक्क्यावर मी त्याला कधी पाहिलं नाही.
तिथे मी आणि मॉर्वेना,
जानेवारीत दोरानं वर ओढलेल्या पाट्या,
निळी बोटं, बोथट खरवडणी.
चौथ्या वर्षी एन्झाइम रंगाच्या डब्यातच मेलं.
सहाव्या वर्षी मॉर्वेना म्हणाली, सोड आता.
दोनशे सतरा नंबरची पाटी वर आली
तेव्हा वाटलं, चुकून कालचीच ओढली.

न्यायाधीशांनी विचारलं, मग सुचलं कसं?
पिंजऱ्यात उभी राहून मी
करंगळीवरचा व्रण चोळत राहिले,
कवचाच्या धारेचा.

जेवणाच्या सुट्टीत थेम्सवर गेले.
ओहोटी होती.
खांबाखांबाला शेवाळ,
एकही लेख न वाचलेलं.
कुठे चिकटायचं
हे त्याला उघडच होतं.