विकणे आहे

विकणे आहे: दोन माणसांची, उघड्या टपाची,
एकावन्न सालची इंग्रजी एम.जी.,
रंग सोड्याच्या बाटलीचा हिरवा.
पत्ता उद्यमबाग, बंद फाउंड्रीमागची शेड.
सकाळी अकराच्या आत या. नंतर पत्रा तापतो
आणि मी कुणाशी धड बोलत नाही.

मालकानं भट्टी विझवली तेव्हा
चौतीस वर्षांच्या हिशेबापोटी मला ही दिली.
ही म्हणजे तेव्हा
कोंबड्या अंडी घालत तो सांगाडा.
बायको म्हणाली, "हेच होय फंड?"
मी पॅटर्नमेकर. दाराचा पत्रा उचकटून बघितला,
आत लाकूड.
इंग्रजांनी मोटार लाकडावर बांधलेली.
वाळवीला ते माझ्याआधी कळलं होतं.

त्यांचं ॲश इकडं उगवत नाही.
खानापूरच्या वखारीतून जुना साग आणला,
कुठल्याशा डाक बंगल्याची दारं,
अजून कडीचे वण असलेली.

बोल्टांनी मात्र डोकं उठवलं.
पाना लागतो इंग्रजी, आटे निघाले फ्रेंच.
तवनाप्पा लेथवरून ओरडला,
"डोकं एका गावचं, आटे दुसऱ्या गावचे,
हे आपल्यातलंच की रे!"
आणि हसत हसत शंभरावर बोल्ट कातले त्यानं.
पैसे घेतले नाहीत. कुंदा घेतला, पाव किलो.

सीटचं कातडं अथणीच्या चपलावाल्याचं.
माप घ्यायला आला
आणि सवयीनं आधी माझी पावलं बघितली.
नवीन आहे तोवर करकरेल.
टप शहापूरच्या मंडपवाल्यानं शिवला,
आतून बघाल तर एका कोपऱ्यात
कुणाच्या तरी लग्नाची लाल पट्टी आहे.
ती मी काढू दिली नाही.

पुढची नंबरपट्टी खरवडली,
तर रंगाखाली रंग.
तळाशी मुंबईचा नंबर, त्यावर म्हैसूरचा, वर आताचा.
गाडी कॅम्पाबाहेर फारशी गेलीच नव्हती म्हणे.
तिन्ही थर ठेवलेत, नखाएवढे, डाव्या कडेला.
आरटीओतला कारकून चष्मा पुसून बघत राहिला.

दोष सांगतो, लपवत नाही.
दुसऱ्या गिअरला कुरकुरते.
पाऊस आला तर उजव्या गुडघ्यावर एकच थेंब पडतो,
तो कुठून येतो ते सापडलेलं नाही.
चावी फिरवली की पंप टिकटिकतो, भिऊ नका.
आणि मला चालवता येत नाही.
अकरा वर्षं हिच्यात घातली, शिकायचं राहिलं.
रविवारी तवनाप्पा चालवायचा,
मी डावीकडे, मांडीवर पान्यांची पिशवी,
पुढची काच पाडून, जांबोटीच्या रस्त्यानं,
डोळ्यांत चिलटं घेत.
गेल्या भाद्रपदापासून उजवी सीट रिकामी आहे.

बेंगळूरचा एक आला. फोटो काढले, हात लावला नाही.
कोल्हापूरचा म्हणाला, वरातीला लावीन.
मग चोर्ला घाट चढून एक पोरगी आली, साखळीची,
अंगात तेलकट शर्ट.
बॉनेट न उघडता तिनं दाराला कान लावला,
बोटानं टकटक केली.
"साग?"
मी लुमाण्णाला दोन चहा सांगितले.

आमच्या धंद्यात पॅटर्न नगापेक्षा थोडा मोठा ठेवतात,
ओतीव निवताना आक्रसतं म्हणून.
किंमतही मी तशीच सांगितली,
घासाघिशीला जागा ठेवून.
ती म्हणाली, बरं. रविवारी नेते.

आता तो जास्तीचा भाग घेऊन
मी शेडमध्ये उभा आहे.
पाटी अजून उतरवलेली नाही.