विषय क्रमांक सतरा

सभेचं इतिवृत्त मी लिहिते. एकवीस वर्षं.
कोण काय बोललं ते लिहिते, कोण उठून गेलं तेही.
पंखा किती कुरकुरला ते लिहीत नाही.

सोळा होता नालेसफाईची मुदतवाढ,
अठरा, स्मशानातल्या लाकडांचा दर.
मधे हा सतरा, चार वेळा तहकूब :
खाडीकाठच्या तळ्यांवर पक्षी बघायला येईल
त्यानं परवान्यावर बदकाचं तिकीट लावावं
आणि तो पैसा उघाडीला जावा.
उघाडी बुजली की भरती बांधापाशी येते, थबकते,
माघारी जाते,
आणि बेलापुरात कुणाला काही कळायच्या आत
तळं तडकलेलं असतं.

विधी अधिकाऱ्यांचा शेरा हिरव्या शाईत :
"मुळात शिकार बंद. मग शिकारीचे तिकीट कशाचे?"
मसुद्यात तो शब्द होता खरा.
घालणारे हसुराम नाखवा, राहणार दिवाळे,
वय ब्याऐंशी, शिक्षण चौथी.

त्यांना बोलू द्यावं का, यावरच अर्धा तास गेला.
मग ते उठले. पिशवीतून प्लास्टिक, प्लास्टिकातून कागद :
ठासणीच्या बंदुकीचा परवाना, सन अडुसष्ट,
कोपऱ्यात उडालेल्या रंगाचं तिकीट.
"मारायला तिकीट व्हता," म्हणाले,
"मंग राखायला फुकट कसा चालंल?"

मी ते प्रमाण भाषेत उतरवलं.
उतरवताना निम्मं सांडलं.

कुणीतरी विचारलं, आजोबा, मारली किती?
"मोजली असती तं मारली नसती."
नोंद : प्रश्नास उत्तर देण्यात आले.

पुढं नेहमीसारखंच. विसाचे दहा झाले.
'शिकार' खोडून 'निरीक्षण' आलं.
पाम बीचकडचे सदस्य म्हणाले, त्या जागेवर मैदान धरलंय.
सोनकांबळे बाई बसूनच म्हणाल्या,
"तुमच्या टॉवरच्या जाहिरातीत गुलाबी पक्षी आहेत,
त्यांचं तिकीट कोण भरतं?"
(हशा.)

चित्रावरून मात्र म्हातारा अडला.
सगळ्यांना रोहित हवा, उंच, देखणा, कॅलेंडरवरचा.
"त्यो पाव्हणा," म्हणाले. "ऊन चढला का जातो.
हलदीकुंकू बदक घाला. ती बारमास हितंच.
तिच्या चोचीवरचा पिवला बघूनच
मी नेम धरायचो."
त्यावर कुणी बोललं नाही.
पंखा कुरकुरत होता.

बाजूने चव्वेचाळीस, विरोधात एकेचाळीस.
एक तटस्थ, त्यांना फोन आला होता.
मग फाईल शासनाकडे गेली, चौदा महिने,
दोनदा माझ्याकडे परत आली :
एकदा शिक्का उलटा होता,
एकदा 'बदक' ऱ्हस्व की दीर्घ, असं कुणीतरी विचारलं होतं,
ज्यात ऱ्हस्व-दीर्घ काहीच नाही.

पहिल्या दिवशी खिडकीवर मीच होते.
नळकांड्याएवढी लेन्स गळ्यात घेतलेली पोरं रांगेत,
आणि सगळ्यांच्या पुढं नातवाच्या खांद्याला धरून हसुराम.
डोळ्यांत मोतीबिंदू. तिकीट बोटानं चाचपलं,
चोच कुठं आहे विचारली, तिथं अंगठा ठेवला.
मग तोच जुना परवाना काढला.
म्हटलं, काका, यावर नाही चालणार, नवा लागतो.
त्यांनी ऐकलंच नाही.
जिभेवरून फिरवून तिकीट अडुसष्टच्या तिकिटाशेजारी लावलं
आणि तळहातानं दाबून धरलं,
इतका वेळ, की मागून कुणीतरी ओरडलं.

मी पावती फाडली.
रुपये दहा फक्त.