बोट आली नाही

तिसरा दिवस. सेइबाहून बोट नाही.
दुकानात नेरेइदा रिकाम्या फळ्या पुसतेय,
जणू धूळच तेवढी विकायची राहिली.
पाव? मी विचारलं. ती हसली,
आणि गल्ल्याखालून एक नीरफणस काढून
माझ्या हातात ठेवला, अजून चीक गळणारा.
पैसे? बोट आली की बघू.

आमच्या गल्लीला नाव नाही.
पत्ता सांगायचा तर: खाडीकडे उतरा,
तपकिरी घोडा रस्ता अडवून उभा असेल
तिथे डावीकडे.
घोडा हलला की पाहुणे चुकतात.

रात्री वीज जाते. कुणी ओरडत नाही.
नखाएवढे बेडूक तेवढे
आपलंच नाव घोकत बसतात, कोकी, कोकी.
भिंतीपलीकडे ओव्हिडिओ खोकतो, इकडे मी.
अकरा वर्षांत
एवढंच आमचं बोलणं.

आज पलीकडून काही आलं नाही.
किती वेळ पडून राहिले.
मग कंदील न घेता, अनवाणी,
गार वाळूतून त्याच्या दाराशी गेले.

पायरीवर बसून तो आंबा चोखत होता,
साल घोड्यापुढे धरून.

"तू खोकली नाहीस," म्हणाला,
"म्हणून मीही थांबलो होतो."